दुसरं बिल मागायला लावा : दहावीची एकसामयिक समीकरणं खेळातून

उन्हाळ्यात घरी वर्षाची चिंच फोडाल तेव्हा चिंचोके टाकू नका. धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवा. दहावीच्या गणित भाग १ चा पहिलाच धडा ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’, म्हणजे दोन अटींवरून दोन अज्ञात संख्या शोधणारी एकसामयिक समीकरणं, आणि तो शिकवायला मला खडूच्या खालोखाल चिंचोकेच लागतात. साठ मुलांच्या वर्गाला अर्धा-पाऊण किलो पुरतात.

बाकी साहित्य म्हणजे जुनी पावतीपुस्तकं, एका बाजूने कोरे कागद, पत्त्यांचे दोन-तीन कॅट आणि दोन रंगांचं सूत. सूत आम्हाला विकत आणावं लागत नाही. मी सोलापूरच्या पूर्वभागात शिकवते. कुणाच्या ना कुणाच्या घरी यंत्रमागावरचं उरलंसुरलं सूत निघतंच. तुमच्याकडे सुतळी चालेल.

शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला ‘गणिती खेळ’ म्हणून मीही हाऊजी घ्यायचे. फळ्यावर समीकरणांची जोडी लिहायची, मुलांनी उकल काढायची, तिकिटावर तो आकडा असला तर खोडायचा. वर्ग खूश, मीही खूश. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की उकल चारच पोरं काढतात आणि उरलेली सगळी ‘काय आलं बे?’ विचारून तिकीट खोडतात. पुढच्या चाचणीत मी सहज एक प्रश्न टाकला : या उदाहरणात समीकरणं दोन का दिली आहेत? बहुतेकांनी लिहिलं, ‘एक क्ष साठी आणि एक य साठी.’ हाऊजीची तिकिटं त्याच दिवशी रद्दीत गेली.

लोप पद्धत, म्हणजे दोन अज्ञातांपैकी एक काढून टाकून उकल काढणं, मुलं नववीत एकदा शिकून आलेली असतात. जूनमध्ये विसरलेली असली तरी दोन तासांत परत बसते. अडतं ते त्याच्या आधी. एका अटीवर भागत नाही, दुसरी मागावीच लागते आणि ती वेगळं काहीतरी सांगणारी लागते, ही नड मुलाला स्वतःला भासलेली नसते. म्हणून खेळ निवडताना मी एवढंच बघते, की मूल उठून ‘बाई, अजून एक सांगा’ असं म्हणतं का. म्हणत नसेल तर तो खेळ मजेचा असेल, या धड्याचा नाही.

एक खुलासा. पाठ्यपुस्तकात चलांना इंग्रजी अक्षरं आहेत. इथे मी जुन्या वळणाने क्ष आणि य लिहिते आहे. वर्गात पुस्तकातलीच अक्षरं ठेवा, पेपरात तीच येतात. पण ती लगेच आणू नका. पहिले दोन तास फळ्यावर एकही अक्षर नको.

मुठीतले चिंचोके

हा बाकावरच्या दोघांचा खेळ. दोघांना मिळून पंधरा चिंचोके द्या. एकाने त्यातले हवे तेवढे दोन मुठींत लपवायचे, उरलेले दप्तरात. मग एकच खूण सांगायची : ‘दोन्ही मिळून ११.’ दुसऱ्याने डाव्या-उजव्या मुठीच्या जेवढ्या शक्यता असतील तेवढ्या सगळ्या लिहून काढायच्या.

इथे घाई करू नका. सगळ्या म्हणजे बाराच्या बारा जोड्या लिहून होऊ द्या. अर्धा वर्ग दहावर थांबतो, कारण मूठ रिकामी असू शकते हे सुचत नाही. काही जण डावीत ७, उजवीत ४ आणि डावीत ४, उजवीत ७ हे एकच धरतात. यादी पुरी झाली की विचारा, ‘आता सांगा, कुठली?’ मुलं यादीकडे बघतात, मग लपवणाऱ्याकडे बघतात. ‘अजून एक खूण दे की बे!’ हे वाक्य वर्गात चार-पाच ठिकाणांहून ऐकू आलं की अर्धा धडा झाला असं समजा.

आता दुसरी खूण : ‘डावीत उजवीपेक्षा ३ जास्त.’ यादीवर बोट फिरवलं की ७ आणि ४ सापडतात. ओळखणाऱ्याला एक गुण.

पण खरी मेख गुणांच्या दुसऱ्या नियमात आहे. दुसरी खूण सांगून यादीतली एकही जोडी कमी झाली नाही, तर खूण देणाऱ्याचे दोन गुण कापायचे. हा नियम आधी सांगून टाका आणि गप्प बसा. दरवर्षी कुणीतरी हुशारी करतोच, ‘दोन्हींची दुप्पट २२!’ ऐकणारा क्षणभर गडबडतो, यादी तपासतो, आणि ओरडतो, ‘हे तर तेच सांगितलंस!’ हे ‘तेच सांगितलंस’ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आठवडाभर पुसू देऊ नका. पुढे क्ष + य = ११ आणि २क्ष + २य = २२ ही जोडी आली, की अगणित उकली म्हणजे काय ते सांगायला त्या कोपऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं तरी पुरतं.

कुणी खोटी खूणही देतो. आधी ‘मिळून ११’, मग ‘मिळून ८’. यादी कोरी होते. त्यालाही दोन गुण कापा. ही जोडी फरशीवर पुन्हा भेटेल.

एका वर्षी एका मुलीने ‘मिळून ११, फरक ४’ असं सांगितलं. जोडीदाराने यादी दोनदा तपासली आणि ती खोटं बोलते म्हणून तक्रार घेऊन आला. मी तिला मुठी उघडायला लावल्या. एकीत सात चिंचोके आणि एक अर्धुक, दुसरीत तीन आणि एक अर्धुक. आजीबरोबर खेळताना चिंचोके फोडून फासे करतात, तिने दातांनी फोडला होता. ७.५ आणि ३.५. दोन गुण तिला मी जास्तीचे दिले. समीकरणाची उकल आणि उदाहरणाला चालणारं उत्तर या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मला याहून सोपं करून सांगता आलं नसतं.

याच खेळात भाषेची चूकही पकडता येते. ‘डावीत उजवीपेक्षा ३ जास्त’ याचं समीकरण बरीच मुलं ‘डावी + ३ = उजवी’ असं लिहितात. वाक्यात ‘डावी’ आधी आली, ‘३ जास्त’ दिसलं, घातले तीन डावीत. मुठी उघडून ठेवा आणि विचारा, तीन चिंचोके कुठे टाकले तर दोन्ही मुठी सारख्या होतील? मूल स्वतःच उजवीत टाकतं. जमलं की सांगा, ‘जास्त’ असेल तेव्हा ‘पेक्षा’ जिला चिकटतं ती मूठ लहान. आमच्याकडे निम्मा वर्ग घरी तेलुगू बोलतो, काही जण कन्नड. मी त्यांना तेच वाक्य घरच्या भाषेत म्हणायला लावते. तेलुगूतला ‘कंटे’ आणि कन्नडमधला ‘गिंत’ नेमका आपल्या ‘पेक्षा’च्याच जागी बसतो. पोरं हसतात, पण मग उलट लिहीत नाहीत.

बिलांचं दुकान

या धड्यासाठी एकच खेळ घ्यायला वेळ असेल तर हा घ्या. दोन तास लागतात.

पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गट म्हणजे एक दुकान. माल दोनच, चादर आणि टॉवेल. गटाने दोन्हींच्या किमती गुपचूप ठरवून चिठ्ठी घडी करून तुमच्याकडे द्यायची. किमती पाचशेच्या आत आणि दहाच्या पटीत, असं बजावून सांगा. पहिल्या वर्षी मी हे सांगितलं नव्हतं, तर एका गटाने टॉवेल ३७ रुपये ७५ पैशांना लावला. पुढचा अर्धा तास दशांश चिन्ह सांभाळण्यात गेला.

प्रत्येक गटाला सहा चिंचोके भांडवल. दुसऱ्या गटाच्या दुकानात एकाने जायचं, एक चिंचोका द्यायचा आणि मागणी सांगायची, उदाहरणार्थ ‘एक चादर, दोन टॉवेल’. दुकानदार पावतीवर फक्त एकूण रक्कम लिहून देतो. एका वेळी एकच पावती. ती गटात नेऊन डोकं लावायचं, हवी असेल तर पुन्हा यायचं. दोन्ही किमती बरोबर सांगणाऱ्यांत ज्याच्याकडे जास्त चिंचोके उरतील तो गट जिंकला.

कुणीतरी ‘एक चादर, शून्य टॉवेल’ मागणार, हे धरून चाला. त्या पोराची पाठ थोपटा, कारण त्याने न शिकवता एक चल काढून टाकला. मग नियम घाला, की दोन्ही वस्तू निदान एकेक घ्यायच्याच.

पहिली फेरी बहुधा अशी जाते. समजा चादर ४५० ची आणि टॉवेल १२० चा. गट मागतो एक चादर, एक टॉवेल, पावती ५७०. मग कुणीतरी उत्साहाने दोन आणि दोन मागतं, पावती ११४०. एक चिंचोका गेला आणि हाती काही नाही. फळ्याचा कोपरा आहेच. मग कुणाला तरी सुचतं, ‘चादर एकच ठेव, टॉवेल वाढव.’ एक आणि दोन, पावती ६९०. आधीच्या ५७० पेक्षा १२० जास्त, म्हणजे तो टॉवेलच. हीच लोप पद्धत, पण नाव अजून घेऊ नका.

दुसऱ्या फेरीत नियम कडक करा. प्रत्येक वस्तू निदान दोन, आणि कुठल्याही दोन पावत्यांत चादरींची संख्या सारखी नको, टॉवेलांचीही नको. आता आधीची युक्ती चालत नाही. समजा हातात दोन चादरी, तीन टॉवेल १२६० आणि तीन चादरी, पाच टॉवेल १९५० अशा पावत्या आहेत. वर्ग शांत होतो. ही शांतता पाच-सात मिनिटं टिकते आणि शिक्षकाला ती फार जड जाते. काही बोलू नका, फळ्याकडे जाऊ नका, मधे कुणी विचारलं तर ‘माल तुमचा, पावत्या तुमच्या’ एवढंच म्हणा. माझ्या वर्गात एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘पहिली पावती तीनदा फाडली तर?’ म्हणजे तीच खरेदी तीनदा केली तर. सहा चादरी, नऊ टॉवेल, ३७८०. आणि दुसरी दोनदा फाडली तर सहा चादरी, दहा टॉवेल, ३९००. चादरी सारख्या झाल्या, फरक एका टॉवेलचा, १२०. बोलणारा मुलगा संध्याकाळी काकाच्या दुकानात बसायचा. समीकरणाला संख्येने गुणणे म्हणजे तीच पावती पुन्हा फाडणे, हा शब्दप्रयोग त्याचा. मी तेव्हापासून तोच वापरते.

आता कुठे अक्षरं आणा, आणि आणताना एक काळजी घ्या. २च + ३ट = १२६० असं लिहिलं की मुलं ‘दोन चादरी अधिक तीन टॉवेल’ असं वाचतात. चादरी आणि टॉवेल मिळवून रुपये कसे होतील? च म्हणजे चादर नव्हे, चादरीची किंमत. म्हणून च-ट मी तिथेच पुसते आणि क्ष-य घेते, आणि प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर ‘एका चादरीची किंमत क्ष रुपये मानू’ ही ओळ लिहून घेते. ती ओळ नसेल तर वही तपासत नाही. शाब्दिक उदाहरणात पेपरातही तिथूनच सुरुवात करायची असते.

चुकांची भीती बाळगू नका, या खेळातल्या चुका फार कामाच्या असतात. एकदा चादर २१० आणि टॉवेल ३० असं दुकान होतं. दोन चादरी, एक टॉवेल याची पावती ४५० बरोबर दिली. एक चादर, दोन टॉवेल याची रक्कम गटातल्या मुलीने मोठ्याने सांगितली, ‘दोनशे सत्तर’, आणि लिहिणाऱ्याने लिहिलं २०७. गिऱ्हाईक गटाने सगळं रीतसर केलं आणि चादर २३१, टॉवेल उणे १२ असं उत्तर घेऊन आला. आकडेमोड पूर्ण बरोबर होती. गटातली एक मुलगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, ‘बाई, हा टॉवेल घेतला की दुकानदार वर बारा रुपये देतो.’ वर्ग हसून थकला. मग मी विचारलं, चूक कुठे असेल? आकडेमोडीत नाही, मग पावतीत. दुकानदाराची चिठ्ठी उघडली आणि २०७ सापडलं. उत्तर परत मूळ वाक्यात ठेवून बघण्याची सवय त्या वर्गाला तिथे लागली. उकलीचा ताळा करा म्हणून मी आधी घसा फोडत होते, त्याने लागली नव्हती.

पुस्तकात एक प्रकार असतो, ज्यात दोन समीकरणांतले सहगुणक (क्ष आणि य च्या आधीचे आकडे) अदलाबदल झालेले असतात. त्यासाठी एक छोटी फेरी ठेवा. एक गिऱ्हाईक सात चादरी, तीन टॉवेल घेतं, पावती ३५१०. दुसरं तीन चादरी, सात टॉवेल घेतं, पावती २१९०. इथे पावत्या अनेकदा फाडायची गरज नाही. दोघांची खरेदी एकत्र केली तर दहा-दहा नग आणि ५७००, म्हणजे एक जोडी ५७० ची. वजा केली तर चार चादरी आणि चार टॉवेल यांच्या किमतींतला फरक १३२०, म्हणजे एकेकीतला फरक ३३०. बेरीज ५७०, फरक ३३०. हा तर मुठीतल्या चिंचोक्यांचा खेळ झाला! मुलांनाच तो ओळखू द्या.

उणे चिन्हासाठी परत केलेला माल वापरा. तीन चादरी घेतल्या, दोन टॉवेल परत केले : ३क्ष − २य = १११०. तीन चादरी, एक टॉवेल घेतला : ३क्ष + य = १४७०. दुसरीतून पहिली वजा करायची. इथे निम्मा वर्ग फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलतो आणि −य = ३६० करून बसतो. परतीची भाषा वापरली की गाठ सुटते : पहिली पावती वजा करणे म्हणजे तो व्यवहार झालाच नाही असं धरणे, आणि टॉवेल परत केलेच नाहीत तर ते दोन्ही आपल्याकडेच राहिले. म्हणून १ आणि २ मिळून तीन टॉवेल, ३६० रुपये, टॉवेल १२०. यात आणखी काही करायला लागत नाही.

फरशीवरचा आलेख

आमच्या वऱ्हांड्यात शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यांनी आयता आलेख होतो. फरशी नसेल तर मैदानात फक्कीने दहा बाय दहा चौकटी आखा. पण सकाळच्या तासाला. दुपारी सोलापूरच्या उन्हात मुलांना उभं करणं बरं नाही.

मी पहिल्या वेळी केलेली चूक टाळा. फरशांना क्रमांक देऊ नका, सांध्यांना द्या. मूल फरशीच्या मधोमध उभं राहिलं की बिंदू कुठला आणि चौकोन कुठला याचा घोळ होतो. दोन रेषा जिथे छेदतात त्या सांध्यावर उभं राहायचं. माग माहीत असलेल्या मुलांना मी सांगते, एक ताणा आणि एक बाणा जिथे भेटतो तिथे पाय.

सहा मुलांच्या पहिल्या टोळीला अट द्या : तुमच्या दोन आकड्यांची बेरीज ५. ती आपापले सांधे शोधून उभी राहतात आणि मागे वळून बघतात तर रांग सरळ. त्यांच्या हातात काळं सूत द्या. दुसऱ्या टोळीला अट : आडवा आकडा उभ्यापेक्षा १ ने मोठा. त्यांच्या हातात निळं सूत. (३, २) वर दोन पोरांची ढकलाढकली होते. दोघेही बरोबर असतात, दोघांनाही तोच सांधा हवा असतो. ‘हा माझा आहे’ असं दोघंही म्हणत असतील तर तीच उकल.

आता पहिल्या टोळीला तशीच ठेवून दुसरीला बेरीज ८ द्या. दोन सुतं शेजारी-शेजारी जातात. ‘पुढे कुठेतरी भेटतील का?’ विचारा आणि सूत वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत ताणून बघू द्या. मग दुसऱ्या टोळीला ‘दोन्हींच्या दुपटींची बेरीज १०’ द्या. ती थेट पहिल्या टोळीच्या अंगावर येते, प्रत्येक सांध्यावर दोन-दोन पोरं. त्या गोंधळात कुणीतरी ‘तेच सांगितलंस!’ ओरडतं. मग बेरीज ४ आणि फरक १ द्या. सुतं भर फरशीत छेदतात, सांधा नाहीच. अर्ध्या चिंचोक्याची आठवण करून द्या.

लगेच आत येऊन आलेख कागदावर तेच काढून घ्या. दुसऱ्या दिवशीवर ढकललंत तर मुलांना ढकलाढकली आठवते, रेषा आठवत नाही.

निश्चयक

गॅब्रिएल क्रेमर हा स्विस गणिती, जन्म १७०४ चा. त्याच्या नावाचा नियम त्याने १७५० मध्ये छापला. सहगुणक चार घरांत मांडून तिरपे गुणाकार करायचे आणि त्यांची वजाबाकी करायची; येतो तो आकडा म्हणजे निश्चयक, आणि अशा निश्चयकांच्या भागाकाराने उकल निघते. मुलांना ही पद्धत आवडते, कारण विचार न करता उत्तर येतं. माझी अडचण नेमकी तीच आहे. म्हणून मी ती दुकानात परत नेते.

दोन चादरी, तीन टॉवेल आणि तीन चादरी, पाच टॉवेल या पावत्यांचा निश्चयक २ × ५ − ३ × ३, म्हणजे १. एक-एक आणि दोन-दोन या पावत्यांचा १ × २ − १ × २, म्हणजे शून्य. चिंचोका वाया जाणार हे पावती घेण्याआधीच कळलं! मग एक फेरी अशी खेळा, की दोन्ही मागण्या आधी कागदावर लिहायच्या, निश्चयक काढायचा आणि मगच दुकानात जायचं. निश्चयक १ किंवा उणे १ आला तर शेवटी भागाकारही करावा लागत नाही, हे लक्षात आल्यावर पोरं तशाच मागण्या शोधत बसतात. त्या तासाला मला फळ्याकडे जावंच लागत नाही.

सरावाला पत्ते. एक्का ते दश्शी, काळे अधिक, लाल उणे. दोघांनी आळीपाळीने पत्ता ओढून निश्चयकाच्या चार घरांपैकी एकात ठेवायचा. एकाला निश्चयक मोठा करायचा आहे, दुसऱ्याला लहान. कुठल्या कर्णावर काय ठेवायचं हे दोन डावांत कळतं, आणि उणे गुणिले उणेचा सराव फुकटात होतो.

भास्कराचार्यांचे दोन मित्र

शनिवारच्या तासाला. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीच्या एका भागात, दोन माणसांचं एक उदाहरण आहे. एक म्हणतो, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. प्रत्येकाकडे किती?

‘नवा व्यापार’च्या नोटा घेऊन दोन मुलांना पुढे उभं करा. कागदावर हे उदाहरण सोडवताना मुलं हमखास विसरतात, की एकाने दिले की त्याचे कमी होतात. क्ष + १०० = २य असं लिहून मोकळी होतात. हातात नोटा असल्या की विसरता येत नाही. क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०). पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. उत्तर आलं की नोटा खरोखर देऊन-घेऊन बघा : १४० आणि ७०, मग १८० आणि ३०. जाता जाता हेही सांगा, की भास्कराचार्य अज्ञात राशींना रंगांची नावं द्यायचे : यावत्तावत् झाल्यावर कालक, नीलक, पीतक, लोहितक. सुताचे काळा आणि निळा हेच रंग मी का आणते, ते तेव्हा त्यांना कळतं.

आता थोडं वर्ग सांभाळण्याबद्दल. आवाज होणार. शेजारच्या वर्गाची तक्रार येणार. मी दुकानाचा तास शक्यतो शेजारी पीटी असते तेव्हा घेते. पटकन उत्तर काढणाऱ्या मुलांना गिऱ्हाईक करू नका, दुकानदार करा; त्यांना सगळ्यांच्या पावत्या बरोबर करून द्याव्या लागतात आणि उत्तर फोडायची सोय राहत नाही. वेळेवर गुण देऊ नका. जो लवकर सांगेल त्याला बक्षीस ठेवलं की हाऊजी परत आली म्हणून समजा. तासाची शेवटची दहा मिनिटं वहीची : आजच्या खेळातलं एक उदाहरण, वरची ‘मानू’ची ओळ, दोन समीकरणं, उकल, ताळा. बस. पद्धतीचं नाव मुलांनी स्वतः शेवटी लिहायचं.

उजळणी मी जानेवारीत घेते. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, होम मैदानावर गड्डा (जत्रेतली दुकानं आणि पाळणे) भरतो आणि अख्खा वर्ग तिकडे पडीक असतो. मग तिथूनच उदाहरण आणायला सांगते : दोन वेगवेगळ्या कुटुंबांनी किती मोठी, किती लहान तिकिटं काढली आणि किती पैसे दिले ते विचारून या, दर मात्र विचारू नका. गेल्या खेपेला एक पोरगा रिकाम्या हाताने आला. म्हणाला, ‘बाई, मी पाळण्यापाशी तासभर उभा होतो. तिथे लहान-मोठ्याला एकच तिकीट आहे. एका पावतीतच सगळं कळतंय, दुसरी कशाला मागू?’